आधी तिला बघून या

हैदराबादेत गौलीगुड्यातल्या त्या अरुंद जिन्यावरून जितके रोगी वर गेले, त्यांतले कितीतरी सुई टोचून न घेताच खाली उतरले असतील. सुईचं भय त्यांतल्या थोड्यांनाच होतं. बाकीचे काकांना घाबरून पळाले.

नवा माणूस आला की काका त्याला खुर्चीवर बसवायचे. त्याचा गुडघा, कंबर, मान, जे काय दुखत असेल त्याकडे ढुंकूनही न बघता आतल्या खोलीच्या दाराकडे बोट करायचे आणि म्हणायचे, "आधी तिला बघून या." माणूस बिचारा गोंधळून आत जायचा. आत खिडकीशी लोखंडी पलंगावर काकू बसलेल्या असायच्या. चेहरा मातकट झालेला, पावलं सुजलेली, डाव्या हाताची नस कोपराखाली दोरखंडासारखी फुगलेली. माणूस बाहेर आला की काका विचारायचे, "बघितलं? ती माझी बायको. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. माझ्या औषधानं गेल्या. चिनी झाडपाल्याचं औषध मीच दिलं होतं तिला. आता सांगा, सुया लावून घ्यायच्यात?"

धंदा करायची ही कुठली रीत, असं मला पहिल्याच दिवशी वाटलं. आपलं दुकान आपल्याच हातानं बंद पाडायचं असेल तर माणसानं असंच करावं.

मी त्यांना काका म्हणायचे, कारण डॉक्टर म्हटलेलं त्यांना खपत नव्हतं. कुणी "डॉक्टरसाब" म्हटलं की ते लगेच टोकायचे, "साहेब नको आणि डॉक्टर तर मुळीच नको. सुयावाला म्हणा." खाली पाटीवरही नुसतं 'अ‍ॅक्युपंक्चर' एवढंच होतं, तेही ऊन लागून अर्धं उडालेलं. माणूस जुन्या हैदराबादी घरातला. वडील वकील, आजोबा सरकारी नोकरीत, स्वतः काकाही महसूल खात्यात चांगल्या जागेवर. त्या जागेवर लाथ मारून ते कोलंबोला गेले आणि सुया शिकून आले. नातेवाइकांनी तेव्हाच त्यांच्या नावानं आंघोळ केली.

माझा खांदा धरला होता. तारनाक्याला रेल्वेच्या कचेरीत दिवसभर मान खाली घालून हिशेब बघायचे. एके दिवशी हात वेणी घालायलाही वर जाईना. गोळ्या झाल्या, शेक झाला, नामपल्लीच्या हकीमाचं तेल झालं. शेवटी कचेरीतल्या एकीनं हा पत्ता दिला. मी शहाणपणा करून उपाशीपोटी गेले, रक्त तपासायला जातात तशी. काकांनी पहिला प्रश्न विचारला, "खाल्लं का?" मी मोठ्या अभिमानानं नाही म्हटलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

हा त्यांचा रोजचाच झगडा होता. आपल्याकडे अंगाला काही करून घ्यायचं म्हटलं की माणूस आधी पोट रिकामं ठेवतो. चतुर्थी बघून, गुरुवार बघून लोक यायचे, उपास असताना सुई टोचली की गुण लवकर येतो म्हणून. रोजे चालू असले की वेगळी माणसं तशीच यायची. काका प्रत्येकाला त्याच्या त्याच्या भाषेत विचारायचे, "खाल्लं का? खाना खाये? तिन्नारा?" आणि नाही म्हटलं की एकाला बिस्किटं पुढे करायचे आणि दुसऱ्याला म्हणायचे, "इफ्तार करके आओ मियाँ, मैं कहीं जारा नईं." रिकाम्या पोटी सुई लावली तर माणूस चक्कर येऊन पडतो, हे ते पुन्हा पुन्हा सांगायचे आणि कुणाला पटायचं नाही. पुण्य आणि उपचार एकाच फेरीत उरकायची सवय अशी जात नाही.

तर मला आत पाठवलं गेलं. काकूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कुठल्या तुम्ही?" गावाच्या प्रश्नामागे दुसरा कोणता प्रश्न उभा असतो, ते आम्हाला लहानपणापासून कळतं. मी नांदेड सांगितलं, आणि घरात बुद्धाची तसबीर असते हेही सांगून मोकळी झाले. काकू म्हणाल्या, "असू द्या की. चहात साखर किती लागते?" तेव्हा त्यांना अजून उठवत होतं. ज्या कपातून काका प्यायचे त्यातलाच एक कप माझ्यापुढे आला. मी तो नीट न्याहाळून बघितला, आणि मी न्याहाळते आहे हे काकूंनी बघितलं. आमची ओळख तिथून सुरू झाली.

बाहेर आल्यावर काकांनी विचारायचं ते विचारलं. मी म्हटलं, "लावा सुया." त्यावर त्यांचं व्याख्यान झालं. सुई पाकिटातून तुमच्यासमोर काढीन, एकदा वापरली की टाकून देईन. पाकीट आधीच फोडलेलं दिसलं तर उठून चालायला लागायचं, माझ्याकडे असो की आणखी कुणाकडे. दुखणार नाही असं मी म्हणणार नाही. मुंगी चावल्यासारखं होईल, मग जागा जड पडेल, झिणझिण्या येतील. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? पोटात मूल आहे का? जे जे खाता ते सगळं सांगा, हकीमाचं, वैद्याचं, शेजारणीनं दिलेलं, बाबाच्या अंगाऱ्यापर्यंत सगळं. चालू गोळी माझ्या भरवशावर बंद करायची नाही. चार-सहा वेळा येऊन फरक पडला नाही तर मला सोडून द्या. हे सगळं ते भिंतीकडे बघून, धडा म्हटल्यासारखं म्हणायचे. आणि शेवटी, "पाला मागू नका. पाला मी देत नाही."

कारण लोक पाला मागायला यायचेच. सुईवर विश्वास नसलेल्या माणसाचाही पाल्यावर विश्वास असतो. झाडपाल्याचं आहे, गुण आला तर आला, अपाय तर होणार नाही ना, हे वाक्य मी त्या खोलीत मराठीत, दखनीत, तेलुगूत ऐकलं आहे. काका तेव्हा नुसतं आतल्या दाराकडे पुन्हा बोट करायचे.

खोलीच्या एका भिंतीला लहान लहान खणांचं मोठं कपाट होतं. त्यात पूर्वी कलकत्त्याच्या चिनी वस्तीतून मागवलेली मुळं, साली, भुकट्या असायच्या. त्यांतल्याच एका भुकटीनं काकूंचा घात केला. त्यात भलत्याच एका वेलीचं मूळ मिसळलेलं होतं. दिसायला सारखं, नावालाही जवळचं. किडनीच्या डॉक्टरांनी सांगितल्यावर काकांनी सगळे खण गच्चीवर नेऊन रिकामे केले आणि पेटवून दिले. धूर इतका कडवट होता, की शेजारी आठवडाभर भांडत होते म्हणे. आता त्या खणांत जुने टॉवेल आणि वर्तमानपत्रं होती.

त्यांच्या स्वभावात दयेला जागा कमी होती, असं वरवर बघणाऱ्याला वाटलं असतं. एकदा एक तरुण आपल्या म्हाताऱ्या वडिलांना पाठीवर घेऊन जिना चढला. अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. तो म्हणाला, "साब, गारंटी बोलो. अब्बा चलेंगे क्या?" काका म्हणाले, "गारंटी मिक्सर की रहती मियाँ, आदमी की नईं रहती." मग गोळ्यांची चौकशी केली. मुलगा निरागसपणे म्हणाला, "बीपी की गोली तो बंद कर दिए. आपके पास आना है बोल को." काका ताडकन उठले. त्या दोघांना त्यांनी स्वतः खाली नेलं, रिक्षात घातलं, मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं आणि रिक्षा हलेपर्यंत मुलावर ओरडत राहिले. म्हातारा पुढच्या झटक्यात गेला. काका त्यांच्या घरी जाऊन दाराबाहेर बसून आले. म्हणाले, "माझ्या सुईचं नाव ऐकून गोळी थांबवली त्यानं. सुई लावलीसुद्धा नव्हती मी." त्या दिवसापासून व्याख्यानात हाही किस्सा आला.

कुणीतरी त्यांना समजावलं होतं, घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला मांडता, लोक येईनासे होतील. काका म्हणाले, "येऊ नयेत. जे बघून येतील तेच यावेत."

पण त्या बघण्याचं काकूंना काय वाटत होतं, हे त्यांनी कधी विचारलं नसावं. दार उघडायचं, अनोळखी चेहरा आत डोकावायचा, हळहळायचा, जायचा. उन्हाळ्यात तर बघवत नव्हतं. किडन्या गेलेल्या, म्हणून काकूंना पाणी मोजकंच. बाहेर बसलेल्या रोग्यांना माठातलं पाणी त्याच द्यायच्या आणि माणूस तांब्या रिकामा करेपर्यंत त्याच्या गळ्याकडे बघत उभ्या राहायच्या. आंबा बंद होता. ओला रुमाल ओठांवर धरून त्या दुपार काढायच्या. तरी जीभ शाबूत होती. एकदा म्हणाल्या, "यांच्या सुया केसासारख्या हो, आणि तिथं डायलिसिसला दाभण घालतात. पण जगवलं दाभणानं."

काकांची सुई त्यांनी अंगाला लावून घेतली नाही. काका रोज विचारायचे, पायात गोळे येतात त्यासाठी लावू का. त्या रोज नको म्हणायच्या. बघणाऱ्याला वाटायचं, राग आहे. काकांनाही तसंच वाटायचं, आणि त्यात त्यांना एक प्रकारचं समाधानही असावं, शिक्षा वेळच्या वेळी मिळाल्यासारखं.

एकदा काकांना ताप भरला, तेव्हा डायलिसिसला काकूंबरोबर मी गेले. कचेरीतून रजा काढली. मशीन चालू झालं, काकूंनी डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, "तुम्हाला एक सांगते. त्यांनी दिलं ते महिनाभरच दिलं."

मला कळेना.

"गुडघे सुजले होते माझे. त्यांनी भुकटी दिली, महिन्यानं म्हणाले, बस आता, उतरली सूज. मी थांबलेच नाही. खणातून काढून घ्यायची मी. एक नाही, दोन वर्षं. मेतकुटाच्या डब्यात लपवलेली असायची. ते मूठ-मूठ मागवायचे, मूठ-मूठ द्यायचे, त्यांना कमी झालेलं काय कळणार."

मी विचारलं, "कशासाठी पण, काकू?"

"गुडघा हलका व्हायचा ना. अन् खरं सांगू? त्या वेळी सगळे सोयरे बोलायचे, साहेबाची नोकरी सोडून चिनी पाला विकायला बसला म्हणून. कुणी आलं की मी मुद्दाम त्या जिन्यानं धाडधाड वर-खाली करून दाखवायची. बघा म्हणलं, माझ्या नवऱ्याचं औषध. अन् मला वाटलं, पालाच तर आहे."

म्हणजे जे काका रोज भिंतीकडे बघून बजावायचे, सगळं सांगा, लपवून काही खाऊ नका, ते मोडणारं पहिलं माणूस त्यांच्या घरातच होतं. माझा राग उसळला, काकूंवर. इतकी वर्षं तो माणूस लोकांसमोर स्वतःला फटके मारून घेतो आहे आणि या आतून ऐकताहेत! मी तसं बोलूनही दाखवलं.

काकू चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "सुरुवातीला भ्यायले. डॉक्टरनं विचारलं तेव्हा ते म्हणाले, मी दिलं. मी गप बसले. मग ते रोजचंच झालं. सुई लावू का विचारतात, कुठल्या तोंडानं हो म्हणू? आता मात्र नको झालंय हो मला. ही माणसं येतात, बघतात, 'अरेरे' करतात. गरीब गाय करून बसवलंय मला खिडकीत. मेल्यावरसुद्धा हे मला गायच ठेवतील. माझी चूक आहे ती माझ्या नावावर लागू दे की एकदा."

सांगायचं त्यांनी ठरवलं आणि थोड्याच दिवसांत सांगितलं. मी तिथेच होते. डबा घेऊन गेले होते. काकू मशीनवर, काका स्टुलावर त्यांची पावलं मांडीवर घेऊन चेपत बसलेले. काकूंनी काही प्रस्तावना केली नाही. मला सांगितलं तसंच, त्याच शब्दांत सांगितलं. खण, मेतकुटाचा डबा, दोन वर्षं.

काका ऐकत होते. चेपणारे हात थांबले नाहीत. सगळं ऐकून ते हसले, मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "तुला चोरी कधी जमली गं? भाजीवाल्यानं कोथिंबिरीची जुडी जास्त टाकली तर जिना उतरून परत देणारी बाई तू."

"खोटं बोलते का मी?"

"माझ्यासाठी बोलतेस. पुरे आता."

"तुमच्यासाठी कशाला बोलू?" काकूंचा आवाज चढला, शेजारच्या खाटेवरची बाई मान वळवून बघायला लागली. "खाल्लं मी! मी खाल्लं, माझ्या हातानं. जन्मात एक गोष्ट तुम्हाला न विचारता केली, ती तरी माझी म्हणा!"

काकांनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. नर्स आली आणि म्हणाली, "अम्मा, बीपी बढ़रा, बातां नक्को करो." काकूंनी तोंड मशीनकडे फिरवलं. काका माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बघितलंस? अशी आहे ती." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला सांगायला लाज वाटत नाही, त्या क्षणी मला त्यांना स्टुलावरून ढकलून द्यावंसं वाटलं.

त्यानंतर काकूंनी तो विषय त्यांच्याजवळ काढला नाही. माझ्याजवळ मात्र म्हणाल्या, "तुम्ही सांगा. तुम्ही बाहेरच्या, तुमचं ऐकतील." त्यांची तब्येत उतरतच गेली. उन्हाळा संपायच्या आत त्या गेल्या, मशीनवरच. शेवटी काही बोलणं झालं नाही.

मी लगेच गेले नाही. खांदा मात्र पुन्हा धरला, आणि त्या निमित्तानं एका संध्याकाळी जिना चढले. काकांनी खाल्लं का विचारलं, पाकीट माझ्यासमोर फोडलं, मानेत आणि हातात सुया लावल्या. मी पडल्या पडल्या सांगून टाकलं. काकूंनी मला आधीच सांगितलं होतं, तुम्ही तापानं पडलेले असताना. तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलायचं असतं तर तुमच्या पाठीमागे मला कशाला सांगितलं असतं? त्यांना त्याची लाज वाटत होती, काका. त्या खरं बोलत होत्या.

काका बराच वेळ माझ्या मनगटावरची सुई दोन बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, "वकिलाचा मुलगा आहे मी. पढवलेला साक्षीदार ओळखतो. तुलाही शिकवून ठेवलं होतं तर तिनं." आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की पुढे बोलायला माझी जीभ रेटेना.

तेवढ्यात जिन्यावर धापा ऐकू आल्या. कुणी नवी बाई होती, गुडघ्यांची. काका पडद्यापलीकडे गेले. आत बघायला आता कुणी नव्हतं, म्हणून ते उभ्या उभ्याच सांगू लागले. "मेरी घरवाली मेरी दवा से गई, अम्मा. मैंच दिया था. और जाते जाते क्या की मालूम? मेरेकु बचाने के वास्ते बोली, चोरी करके खाई मैं. एक पराई लड़की कू भी सिखाको गई वैसा बोलने."

"या अल्ला," ती बाई म्हणाली. "देवी थी साब, देवी."

"हौ," काका म्हणाले.

मानेत सुया होत्या, मला हलता येत नव्हतं. काकू असत्या तर त्या देवीनंच आतून येऊन दोघांनाही जिन्याखाली हाकललं असतं.